एका बुधवारात तीन वायनऱ्या

कोणाच्याही दारात उभं राहिलं की सर आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे. मग पायातल्या चपला काढून भिंतीला समांतर ठेवायचे. मग बरोबर जो कोणी असेल त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हळूच म्हणायचे, "आपली शोभा व्हायला नको, एवढंच." त्यानंतर बेल. बरोबर बहुतेक वेळा मीच असायचो, त्यामुळं हे न्याहाळणं जरा लांबायचं.

तुमच्याही शाळेत असे एक पी.टी.चे सर असतील. गळ्यात शिट्टी, पट्टा घट्ट, आणि ग्राउंडवर कागदाचा एक कपटा दिसला तर देशावर संकट आल्यासारखा चेहरा. आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत ते खेळ शिकवायचे आणि मी भूगोल. पुढं निवृत्त झाल्यावर राजारामपुरीत एकाच इमारतीत राहायला आलो. ते खाली, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. माझ्या खिडकीतून काही पडलं की ते त्यांच्या गॅलरीत जायचं आणि ते न बोलता वर आणून द्यायचे. एकदा शेंगांची टरफलं आणून दिली. कागदाच्या पुडीत बांधून.

सरांची एकुलती एक लेक पल्लवी. इंजिनिअर झाली, शिरोलीच्या एका कारखान्यात लागली, मग पुढं शिकायला इटलीत तुरीनला गेली आणि तिथंच नोकरीला राहिली. एका दिवाळीत तिनं फोनवर सांगितलं, की बरोबर काम करणाऱ्या एका इटालियन मुलाशी लग्न करायचं ठरवलंय. सर दोन-तीन दिवस कुणाला दिसलेच नाहीत. मग एका सकाळी माझ्या दारात उभे. बटण लावलेलं.

"मास्तर, तुमी भूगोल शिकवलाय न्हवं?"

"शिकवलाय की."

"मग इटलीचं सांगा."

आता इटली म्हणजे माझा हातखंडा विषय. नोकरीभर मी तो देश फळ्यावर काढत आलो होतो. प्रत्यक्षात मात्र गोव्याच्या पलीकडं गेलेलो नव्हतो. मी घसा साफ केला. "बुटासारखा देश. हवामान भूमध्य सागरी. पाऊस हिवाळ्यात. पिकं म्हणजे ऑलिव्ह, लिंबू, द्राक्षं…"

"द्राक्षं," सर म्हणाले. "थितंच घोटाळा हाय."

घोटाळा असा होता, की होणाऱ्या व्याह्यांची तुरीनजवळ डोंगरउतारावर लहानशी द्राक्षबाग होती आणि ते घरची वाइन करायचे. येत्या सप्टेंबरात सर आणि वहिनी पहिल्यांदा त्यांच्या घरी जाणार होते, लग्नाचं बोलायला. रविवारचं जेवण.

"जेवाय बसणार," सर म्हणाले. "ते सोत्ता केलेली पुढं करणार. आन् मी न्हाय म्हणणार. मग?"

"मग काय? न्हाय तर न्हाय."

"तुमाला लेक न्हाय म्हणून बोलताय. असं बघा. तुमी माझ्या घरी पहिल्यांदा आला. मी सोत्ता मटण आणलं, सोत्ता चुलीम्होरं बसून पांढरा रस्सा केला, वाटी तुमच्या हातात दिली. तुमी म्हटलं, नको. मी पोरगी दीन का तुमच्या घरात?"

कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याला नको म्हणणाऱ्याच्या घरात कुणीही पोरगी देत नाही.

सर दारूला शिवत नाहीत हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. निरोप समारंभ असो, सहल असो, कुणी मागच्या खोलीत बाटली काढली की सर उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. "आईला शब्द दिलाय," एवढंच सांगायचे. शब्द का द्यावा लागला हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सरांना असलं काही विचारायची सोय नव्हती.

म्हणजे एकीकडं आईला दिलेला शब्द आणि दुसरीकडं लेकीचं सासर. मध्ये सर, वरचं बटण लावून.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? चहा करावा आणि गप्प बसावं. मी चहा केला, पण गप्प बसलो नाही. भूगोल शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला नाशिकला वायनरी दाखवली होती. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, की खरे जाणकार वाइन तोंडात घेतात, खुळखुळवतात आणि थुंकून टाकतात. मी स्वतः त्या दिवशी एक थेंबही थुंकला नव्हता. चार पेले रिचवून परतीच्या बसमध्ये दुसऱ्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खांद्यावर झोपलो होतो. पण हा तपशील गाळून मी सरांना म्हणालो, "सर, जाणकार माणूस वाइन पीतच नाही. थुंकतो. पिणं हे अडाण्याचं लक्षण आहे."

सरांचा कप हवेतच राहिला. "थुकतो? म्हंजे चूळ?"

"चूळच."

"आन् ज्यानं दिली त्याला राग न्हाय येत?"

"उलट मान वाढतो. हा माणूस दर्दी आहे असं समजतात."

सरांनी कप बशीत ठेवला. मग स्वतःशीच म्हणाले, "चूळ भरली तर शब्द मोडत न्हाय." आणि मग माझ्याकडं वळून, "मास्तर, तुमी संगं चला. शिकवलंय तुमी, पार पाडायबी तुमीच पायजे."

माझ्या बायकोनं परवानगी इतक्या चटकन दिली की मला जरा वाईटच वाटलं.

मग सुरू झाली तयारी. पी.टी.च्या माणसाची तयारी म्हणजे काय ते तुम्ही जाणता. गच्चीवर रोज सकाळी सराव. वाइनच्या जागी गगनबावड्याकडून आणलेलं कोकमचं आगळ, पाण्यात कालवून. पेले म्हणजे वहिनींच्या शोकेसमधले आइस्क्रीमचे दांड्याचे. थुंकायला भांडं हवं, तर वहिनींनी बजावलं, "माझ्या सैपाकाच्या भांड्याला हात लावायचा न्हाय." शेवटी कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेला स्टीलचा एक झाकणाचा गडू त्यांनी काढून दिला. गडूचं तोंड अरुंद. त्यामुळं नेम लागायचा. सरांना त्यात फार गोडी वाटली.

"एक!" सर शिट्टी मारायचे. पेला दांड्याला धरायचा. "दोन!" गोल फिरवायचा. "तीन!" नाक आत घालून वास. "चार!" तोंडात घेऊन खुळखुळ. "पाच!" गडू.

माझं पाच नेहमी सदऱ्यावर यायचं.

"मास्तर, शिकवणारं तुमी," सर म्हणायचे, "आन् गडूत एक थेंब न्हाय तुमचा."

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कुरडया वाळत घालायच्या. त्यांनी हा प्रकार चार-पाच दिवस बघितला आणि मग साऱ्या गल्लीला कळलं, की पी.टी.चे सर म्हातारपणी प्यायला लागले, तेही सकाळी, तेही उघड्या गच्चीवर, आणि त्यांना नादाला लावलं वरच्या भूगोलवाल्यानं. माझ्याबद्दलचं कुणाला नवल वाटलं नाही. सरांच्या कानावर आलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्याच पावली ते जिना उतरले, समोरच्या इमारतीत गेले आणि त्या बाईंच्या दारात कोकमचा पेला पुढं करून उभे राहिले.

"ताई, प्या. सगळ्यांम्होरं प्या."

बाईंनी घाबरून पेला रिकामा केला. म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाय, सर."

तेव्हापासून सराव पाण्याच्या टाकीमागं व्हायला लागला.

इथंपर्यंत सगळं घरगुती होतं. पण सरांचं म्हणणं, फायनलच्या आधी सराव सामने खेळले पाहिजेत. थेट व्याह्यांच्या अंगणात उतरायचं नाही. म्हणून रविवारच्या जेवणाआधी त्या भागातल्या वायनऱ्यांना भेट द्यायची, तिथं रीतसर चुळा भरायच्या, परक्या लोकांसमोर एकदा भीड चेपली की मग व्याही. पल्लवीला यातलं काही कळवायचं नाही. तिला सांगितलं, मास्तरांना भूगोलाची हौस आहे, त्यांना द्राक्षबागा बघायच्यात.

वायनऱ्या ठरवायचं काम माझ्याकडं. मी आठवड्याभराचा बेत आखून सरांपुढं ठेवला. सोमवारी एक, गुरुवारी एक, शुक्रवारी एक.

"सोमवार महादेवाचा," सर म्हणाले.

"सर, चूळच भरायचीय की."

"तोंडात तर जाती न्हवं? सोमवार न्हाय. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार अंबाबाईचा."

"मंगळवार?"

"मंगळवारबी अंबाबाईचाच. शनिवार मारुतीचा."

"आणि रविवार जोतिबाचा," मी म्हणालो. "व्याह्यांकडं जेवण रविवारीच आहे, सर."

ही गोष्ट सरांच्याही ध्यानात होती. "त्यो वार पावण्यानं ठरवलाय. त्याला आपून काय करणार? मी डोंगरावर जाऊन आगाऊ माफी मागून येतो." आणि खरोखरच ते जोतिबाला जाऊन आले. कपाळाला गुलाल लावूनच माझ्या घरी आले आणि म्हणाले, "उरला बुधवार. सगळं बुधवारी बसवा."

एका बुधवारात तीन वायनऱ्या. इटलीला जाणाऱ्या कुठल्याही माणसानं असा बेत आखला नसेल, कारण तिसऱ्या वायनरीपर्यंत तो स्वतःच्या पायांवर राहायचा नाही. पण आम्ही थुंकणार होतो. मी तिन्ही ठिकाणी इंग्रजीत मेल लिहिली. आम्ही भारतातून येत आहोत, तिघं आहोत, आम्हाला आपल्या सर्व वाइन चाखायच्या आहेत, आम्ही पिणार नाही, फक्त थुंकू, आणि थुंकण्याचं भांडं आमचं आम्ही आणू. मेल पाठवल्यावर मलाच माझ्या इंग्रजीचं कौतुक वाटलं. तिन्ही वायनऱ्यांची उत्तरं तासाभरात आली. मालक जातीनं हजर राहतील, असं त्यात लिहिलं होतं.

एवढा मान का, ते आम्हाला तिथं गेल्यावर समजलं. हौशी पाहुणे वाइन पितात. थुंकतात ते व्यापारी, कारण त्यांना दिवसभर शुद्धीवर राहून सौदे करायचे असतात. पिणार नाही, फक्त थुंकू असं लिहून कळवणारे म्हणजे भारतातले कुणी बडे खरेदीदार असणार, अशी त्यांची समजूत झाली होती.

पहिल्या वायनरीत सर शाळेच्या क्रीडा महोत्सवाचा निळा ब्लेझर घालून उतरले. मालकानं पेला दिला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. एक, दोन, तीन, चार. मग पिशवीतून गडू निघाला आणि पाच. नेम असा, की मालकाच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. त्यानं आपल्या माणसांना हाका मारून बोलावलं. गडूचे फोटो काढले. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला तळघरात नेलं, जुनी पिंपं उघडली, चीज आणि ब्रेड मांडलं. वहिनी नुसतं ब्रेड खात होत्या आणि माझ्या कानात म्हणत होत्या, "भाऊजी, ही माणसं इतकं का करत्यात? काय सांगितलंय तुमी यांना?"

तिसऱ्या ठिकाणी मालकानं इंग्रजीत स्पष्टच विचारलं, महिन्याला किती पेट्या घ्याल? आयुष्यभर शाळेत काढल्यावर अडचणीत एकच वाक्य तोंडात येतं. मी म्हणालो, "वुई विल आस्क हायर अथॉरिटी." मालकानं आदरानं सरांकडं बघितलं. सरांनी गंभीरपणे गडूचं झाकण लावलं.

आणि मी? गुरू म्हणून मला प्रत्येक ठिकाणी आधी करून दाखवावं लागत होतं. जगातली उत्तमातली उत्तम वाइन माझ्या जिभेवर येत होती आणि मी ती थुंकत होतो. मनात म्हणत होतो, रविवारी व्याह्यांकडं बघू. एकदा सरांचं पार पडलं, की आपण निवांत बसून दोन पेले घेऊ.

त्या रात्री हॉटेलात परतताना सर खुशीत होते. "मास्तर, चूक न्हाई हुनार आता. पोरीची मान खाली जात न्हाई."

रविवार उजाडला. डोंगराच्या उतारावर दगडी घर, समोर वेलाचा मांडव, त्याखाली लांब टेबल. व्याही उंच, हात एवढाले मोठे, बागेत राबून काळवंडलेले. विहीणबाई ठेंगण्या, हसऱ्या, कमरेला एप्रन. सरांनी व्याह्यांना कोल्हापुरी फेटा बांधला, वहिनींनी विहीणबाईंची ओटी भरली. विहीणबाईंनी पदर नसल्यामुळं एप्रन पसरला. सगळं इतकं झकास चाललं होतं, की मला उगीचच आपण मोठे मुत्सद्दी आहोत असं वाटायला लागलं.

पल्लवी आणि जावई ब्रेड आणायला आत गेले. तेवढ्यात विहीणबाईंनी घरातून एक बाटली आणली. टेबलावर आधीच्या दोन होत्या, ही वेगळी. दोन्ही हातांनी धरून त्यांनी सरांच्या पेल्यात ओतली. गडद लाल. व्याही छातीवर हात ठेवून काहीतरी बोलले.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून मान हलवली.

सर उठून उभे राहिले. एक. दोन. तीन. चारला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ खुळखुळवलं. मग पिशवीतून गडू काढला आणि पाच. एक थेंब बाहेर नाही. खाली बसून ते दाद मिळण्याची वाट बघायला लागले.

दाद आली नाही. विहीणबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्यात आता जीव नव्हता. त्या हातातल्या बाटलीकडं बघत होत्या. ब्रेडची परडी घेऊन आलेली पल्लवी दारातच थांबली होती.

"बाबा, हे काय केलंत?"

"चूळ," सर म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता. "जाणकार माणूस अशीच घेतो."

"बाबा, ती वाइन न्हवती."

ती टेबलापाशी आली. परडी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. "तुम्ही घेत न्हाई हे मी यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय, तुम्हाला लग्नाचं कळवायच्याही आधी. म्हणून यांनी मागच्या हंगामात तुमच्यासाठी थोडी द्राक्षं वेगळी काढली आणि नुसता रस करून ठेवला. वर्षभर. आज उघडायचा म्हणून." तिनं बाटली फिरवली. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं होतं, बाबा. अक्षरं मोठाली, वाकडी, पहिल्यांदा पाटी धरणाऱ्या मुलाची असावीत तशी. "हे त्यांनी स्वतः गिरवलंय. माझ्याकडनं शिकून."

सरांनी ती अक्षरं वाचली. परत वाचली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले. शिक्षा झालेली पोरं ग्राउंडच्या कडेला बसायची, तसे.

माझं काय होत होतं ते विचारू नका. ऑलिव्हची एक बी माझ्या तोंडात होती आणि ती कुठं टाकावी हे मला कळत नव्हतं. गडू तर समोरच होता.

व्याह्यांनी हळू आवाजात पल्लवीला काही विचारलं. ती म्हणाली, "ते विचारतात, हा तुमच्याकडचा रिवाज आहे का?"

बुडत्याला फळी दिसावी तसं मला झालं. मी ताडकन उभा राहिलो. "यस! यस! कस्टम! व्हेरी ओल्ड! वुई स्पिट फॉर रिस्पेक्ट!"

व्याह्यांचा चेहरा उजळला. भला माणूस. त्यांनी मान डोलावली, फेटा सावरला, आपला वाइनचा पेला उचलून मोठा घोट तोंडात घेतला आणि पाहुण्यांचा रिवाज पाळायला म्हणून गडूकडं हात पुढं केला.

सरांनी गडूवर पंजा ठेवला.

"न्हाय."

व्याही भरल्या तोंडानं थांबले.

"पल्लवी, सांग त्यांना. रिवाज न्हाय म्हणावं."

"बाबा, राहू दे की," पल्लवी घाईनं म्हणाली. "काका बोललेत ते बरं झालं. मीबी हो म्हणते. विषय संपला."

"मास्तर खोटं बोलाय लागल्यात. खोट्यावर तुझं लगीन न्हाई करायचं मला. घोट गिळाय सांग त्यांना, आन् मी काय बोलतो ते त्यांच्या भाषेत सांग. काय गाळू नको."

मी खाली बसलो. "आय टॉट हिम," असं म्हणून स्वतःच्या छातीकडं बोट केलं. "माय मिस्टेक." माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

सर बोलायला लागले. ते व्याह्यांकडं बघत होते, पल्लवीकडं नाही.

"माझ्या थोरल्या बहिणीचं लगीन हुतं. कोडोलीला, आमच्या दारात. पंगत बसली हुती. मी सातवीत, पाणी वाढत हुतो. माझा बा प्यायचा. त्या दिवशी पिणार न्हाई म्हणून आईच्या गळ्याची आण घेतली हुती त्यानं. पण आला पिऊन. नवऱ्या मुलाच्या बापाला जिलबी वाढाय गेला आन् त्यांच्या पानावरच पडला."

पल्लवी एकेक वाक्य इटालियनमध्ये सांगत होती. तिचा आवाज सरळ होता.

"पंगत उठली. वऱ्हाड माघारी गेलं. बहिणीचं लगीन मोडलं ते मोडलंच. परत जमलं न्हाई."

पल्लवी थांबली. "आत्याचं?"

"तुझ्या आत्याचं."

ही आत्या मी बघितली होती. ती जन्मभर सरांच्याच घरी राहिली. पल्लवीला न्हाऊमाखू घालून तिनंच वाढवलं होतं. तिनं लग्न का केलं नाही, याचं घरात ठरलेलं उत्तर होतं, तिला आवड नव्हती.

"ते सांग," सर म्हणाले. पल्लवीनं सांगितलं.

"पण लाज त्याची न्हाई मला," सर म्हणाले. "बा पत्रावळींत पडलेला. त्याला उठता ईना. त्यानं माझ्याकडं हात केला. वऱ्हाडातला एकजण मला म्हणाला, ह्यो तुझा बा न्हवं का रं? मी म्हटलं, न्हाय. आन् पाण्याची बादली घेऊन पुढच्या पानावर गेलो. मग परक्या माणसांनी त्याला ओढत भाईर नेला. आईला मी शब्द दिला, दारूला शिवणार न्हाई म्हणून. सगळ्यांनी वाखाणलं, पोरगं शाणं निघालं. हे दुसरं कुणाला ठावं न्हाई."

वहिनींनाही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

पल्लवीनं लगेच सांगितलं नाही. तिच्या हातात अजून ती परडी होती. व्याही तिच्याकडं बघत थांबले होते. मग तिनं परडी खाली ठेवली आणि सांगितलं. एक शब्दही गाळला नसावा, कारण विहीणबाईंनी मध्येच तोंडावर हात नेला.

व्याह्यांनी टेबलावरच्या दोन्ही बाटल्यांना बुचं लावली आणि आत नेऊन ठेवल्या. परत आले ते स्वतःचा पेला उचलायला, मग मुलाचा, आणि मग माझा. माझा भरलेला होता. मी नुकता त्याच्या दांड्याला हात घातला होता. तो त्यांनी माझ्या बोटांतून अलगद सोडवून घेतला. मग सगळ्यांपुढं साधे पाण्याचे पेले मांडून त्या बाटलीतला रस वाटला, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. इटलीत जाऊन वाइनचा एक घोटही पोटात न घालता परत आलेला भूगोलाचा मास्तर तुम्हाला पाहायचा असेल तर राजारामपुरीत या.

सरांनी रस प्यायला. हळूहळू, पूर्ण. मिशीला लागलेला त्यांनी पुसला नाही.

लग्न झालं. कोल्हापुरातच झालं. आता सर नाहीत. एका सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले, तेवढंच. शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. मलाही बोलायला उभं केलं होतं. मी काहीतरी ग्राउंडबद्दल बोललो आणि बसलो. मला त्या वेळी दिसत होती ती त्या रविवारच्या जेवणानंतरची वेळ, आणि तिच्याबद्दल तिथं कसं बोलणार?

जेवण उरकल्यावर वहिनी आणि विहीणबाई भांडी विसळायला एकत्र आत गेल्या होत्या. व्याही खुर्चीतच डुलक्या घेत होते, डोक्यावर फेटा तसाच. पल्लवी सरांपाशी आली आणि म्हणाली, "बाबा, चला, बाग दाखवते." दोघं उतारावर द्राक्षांच्या ओळींत शिरले. मी एकटा टेबलापाशी बसून बघत होतो.

ती काहीतरी विचारत असावी, कारण सर मध्येच थांबायचे आणि हात हलवून सांगायला लागायचे. असे हात हलवून बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एकदा त्यांनी दोन्ही हात खांद्यांवर नेले, कुणीतरी पोराला खांद्यावर बसवून पाय धरतो तसे, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर डुलत डुलत चार पावलं चालून दाखवली. पल्लवी हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. आपला बाप एरवी कसा होता ते सांगत होते बहुतेक. जत्रेला नेणारा बाप. शब्द ऐकू येत नव्हते, अंतर खूप होतं.

ओळीच्या शेवटी पोचल्यावर ते मागं वळतील असं मला वाटलं. पल्लवीनं त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघं पुढच्या ओळीत शिरले.